मशीनला पाच तारे, काउंटरला दोन

सेंटरचं नाव लिहीत नाही. तक्रारीही आहेत आणि पुढचा स्कॅनही तिथंच करायचाय. बेळगावातलं खासगी सेंटर, १.५ टेस्लाचं (ही चुंबकाची ताकद) मशीन, एवढं पुरे. मणक्याच्या टीबीच्या संशयानं कुणाला एमआरआय सांगितला असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिते.

आमच्या आत्यांची, म्हणजे सासूबाईंची, पाठ रोप लावणीपासून दुखत होती. लावणीनंतर जांबोटी भागात कुणाची पाठ दुखत नाही? म्हणून आधी तेल, मग शेक, मग गावातली इंजेक्शनं. एक्स-रेत ‘वयामुळं झीज’ एवढंच आलं. पण दुखणं रात्री वाढायचं, संध्याकाळी अंगात कणकण असायची आणि झंपर सैल व्हायला लागले. खोकला अजिबात नाही, त्यामुळं टीबीचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्यांवर बोटानं ठोकत ठोकत बघितलं. एका जागी आत्या कळवळल्या, तेव्हा त्यांनी एमआरआय लिहून दिला. हाडातला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा खनिज भाग गेल्याशिवाय एक्स-रेत नीट दिसत नाही, एमआरआयमध्ये मणक्याच्या आतली सूज त्याच्या कितीतरी आधी दिसते, असं त्यांनी सांगितलं.

चिठ्ठीवर दोन गोष्टी ठळक होत्या: कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, आणि पूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग. काउंटरचे तारे इथंच गेले. फोनवर नुसत्या पाठीच्या भागाचा दर सांगितला होता. कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे, आणि त्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट लागतो, हे तिथं पोचल्यावर कळलं. त्या औषधात गॅडोलिनियम असतं आणि किडनी फार खराब असेल तर ते जपून द्यावं लागतं, त्यामुळं मागणं बरोबरच आहे. पण पाठ धरून बसलेल्या बाईला रक्त द्यायला शेजारच्या लॅबचे जिने चढायला लावण्याऐवजी फोनवरच एक वाक्य बोलायला काय हरकत होती? वर काउंटरवरचे साहेब म्हणतात, “पूर्ण मणका कशाला ताई, दुखतंय तेवढंच करूया की.” अजिबात ऐकू नका. टीबी एका जागी असतो, मधले मणके चांगले असतात, आणि लांब दुसरीकडं आणखी एक जागा धरलेली असू शकते, तिथं दुखत नसलं तरी.

मशीनवरची मुलगी मात्र सोन्यासारखी. हुक्केरीकडची असावी, मराठीला कानडी हेल. फॉर्म कानडी-इंग्रजीत होता, तो तिनं मराठीत विचारून भरला: पेसमेकर आहे का, ऑपरेशनमध्ये कुठं धातू बसवलाय का, कवळी आहे का. मंगळसूत्र काढायला आत्या तयार नव्हत्या. तिनं ते रुमालात बांधून मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मुठीत दिलं आणि म्हणाली, “मामा, आजी बाहेर येईपर्यंत मूठ सोडायची नाही.” जोडवी निघेनात. बोटं सुजलेली. तिनं बेसिनवरचा साबण आणला, खाली बसली आणि एकेक जोडवं फिरवून फिरवून काढलं. उताणं झोपणं आत्यांना जमत नव्हतं, तर गुडघ्यांखाली उशी दिली, हातात दाबायची बेल दिली. मध्ये आत्या हलल्या तेव्हा न चिडता तो भाग पुन्हा घेतला. पाऊण तासानं बाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, “पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यागत झालं गं.”

चित्रं डॉक्टरांनी स्क्रीनवर लावून दाखवली. डी-९ आणि डी-१०, म्हणजे पाठीतले नववा आणि दहावा, हे दोन मणके एका प्रकारच्या चित्रात काळपट, दुसऱ्यात लख्ख. चरबीचा उजेड दाबून पाणी दाखवणारा ‘स्टर’ नावाचा प्रकार असतो, त्यात तर सूज आपल्यालाही कळते. मधली चकती मात्र बरीचशी शाबूत. साध्या पू करणाऱ्या जंतूंत ती लवकर खराब होते म्हणे. बाजूला पुवाची गाठ, कॉन्ट्रास्टनंतर तिची फक्त पातळ कड उजळलेली. मज्जारज्जू दबला नव्हता, तेव्हा मामांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

लेखी रिपोर्टवर माझा राग आहे. ‘पॉट्स स्पाइनची’, म्हणजे मणक्याच्या टीबीची, ‘शक्यता’ लिहिलं, पण गाठीचं माप नाही आणि बाकीच्या मणक्यांबद्दल एक ओळ नाही. स्क्रीनिंगचे पैसे मात्र घेतलेले. मागे लागून पुरवणी रिपोर्ट करून घेतला. आज माप नसेल तर पुढच्या वेळी गाठ कमी झाली की वाढली हे कशावरून ठरवायचं?

एमआरआयमध्ये टीबी ‘दिसतो’, सिद्ध होत नाही. डॉक्टरांनी घरी म्हशी आहेत का, कच्चं दूध पिता का, हेही विचारलं, कारण ब्रुसेला हा जनावरांकडून येणारा जंतूही मणका धरतो. सीटीखाली सुई घालून तुकडा काढला, सीबीनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीत टीबी निघाला आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतंय हेही त्यातच कळलं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. कोर्स किमान वर्षाचा, कधी दीड वर्षाचाही.

गोळ्या चालू असताना मधल्या स्कॅनची घाई करू नका. आत्यांचं दुखणं कमी झालं, वजन चढलं, तरी हाडातली सूज चित्रात तशीच होती. आमच्या वन्संनी तो रिपोर्ट वाचून रडारड केली. चित्र माणसाच्या मागून सुधारतं, डॉक्टर आधी रुग्ण बघतात.

आणि सीडी मागून घ्या. फिल्म चार ठिकाणी दाखवून मुडपते, सीडीवर उभे-आडवे सगळे काप बघता येतात. ती द्यायला तासभर लावतात. तेवढ्यात समोरच्या खानावळीत जेवून घ्या, जोंधळ्याची भाकरी गरम मिळते.