सांगलीतली पॉलिटीची वीकेंड बॅच: शिकवणं एक नंबर, नोट्स घेऊ नका

राज्यसेवेसाठी विश्रामबागेतल्या एका क्लासला पॉलिटीची, म्हणजे राज्यघटना आणि राज्यकारभाराची, बॅच लावलेली, परवा संपली, बरेच जण विचारतायत म्हणून लिहितोय. नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

कुठल्या विषयावर केंद्रानं कायदा करायचा, कुठल्यावर राज्यानं आणि कुठल्यावर दोघांनी, हे सांगणाऱ्या सातव्या अनुसूचीतल्या संघ, राज्य, समवर्ती या तिन्ही सूची मी आधी दोनदा पाठ करून दोनदा विसरलेलो. इथं पाठ करायला लावलंच नाही. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत हे कळल्यावर सरांनी फळ्यावर हळदीचं पोतंच काढलं. बाजार म्हणजे राज्य सूचीतली एंट्री २८, म्हणून बाजार समितीचा कायदा राज्याचा, पण त्याच हळदीचे वायदे संघ सूची ४८ आणि परदेशी पाठवली की ४१. काट्यावरच्या किलोचं प्रमाण केंद्र ठरवणार, एंट्री ५०, बाकी वजनमापं समवर्ती ३३अ. एका पोत्यात तिन्ही सूची बसवल्या राव!

पाण्याचा तास तर विसरणं शक्यच नाही. पाणी राज्य सूची १७, पण संघ सूची ५६ च्या अधीन, म्हणजे आंतरराज्य नदीचं नियमन संसद जनहितासाठी आपल्याकडं घेऊ शकते. २०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलेलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची ४५ फुटांची धोका पातळी कधीच मागं पडलेली आणि जो तो म्हणत होता सरकार अलमट्टी धरणाचे दरवाजे का उघडायला लावत नाही. कुठलं सरकार ते या तासाला कळलं. धरण कर्नाटकाचं, आपलं सरकार त्यांच्याशी बोलू शकतं, हुकूम देऊ शकत नाही, आणि पाणीवाटपाचं भांडण मिटलं नाही तर कलम २६२ आणि १९५६ च्या कायद्यानं लवाद, कृष्णेचा पहिला १९६९ चा. बॅचमधली निम्मी पोरं पूरपट्ट्यातली, तास संपला तरी कुणी उठेना.

आता तक्रार. छापील नोट्समध्ये शिक्षण आणि वनं अजून राज्य सूचीत आहेत! १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं दोन्ही समवर्तीत गेलेत. सरांना दाखवलं, त्यांनी लगेच वर्गात दुरुस्त करून दिलं, पण ऑफिसात तोच जुना गठ्ठा पैसे घेऊन देतायत. जत-आटपाडीकडनं एसटीनं येणारी पोरं नोट्सवरच अभ्यास करतात, त्यांचं काय?

जीएसटी पण घाईत उरकलं. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही, यावर अख्खा तास हवा होता.

बॅच लावा, सातवी अनुसूची मात्र घटनेच्या पुस्तकातनंच वहीत उतरवून घ्या.