वजन न विचारता पोराला मैदानावर आणलं, कोपरखैरण्यातल्या या संस्थेला पाच स्टार

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुलगा लवकर झोपलाय म्हणून लिहूनच टाकते. इथे नवी मुंबईत आमच्या सेक्टरच्या मैदानावर सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहा ते सात ही संस्था मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना खेळायला बोलावते. फी नाही. फॉर्म एकच पानाचा, त्यात नाव, वय, दमा किंवा फिट येणं असं काही आहे का आणि घरी कोण कोण असतं एवढंच विचारलंय. वजनाचा रकानाच नाही, आणि मी तिथेच विरघळले.

त्याचं कारण सांगते. मुलगा चौथीत असताना शाळेत हेल्थ चेकअप झालं आणि एकेकाचं वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवसापासून याला पोरं ढोल म्हणायला लागली आणि पीटीच्या दिवशी सकाळी याचं पोट दुखायला लागलं, दर आठवड्याला, ठरलेलं. मी पण चुकले, घरात येता जाता भात कमी खा, चिप्स नको, एवढंच चालू होतं माझं. एका डाएटिशियनची फी ऐकून तशीच परत आले.

दिवाळीनंतर एकदा शेजारच्या काकू जबरदस्तीने मैदानावर घेऊन गेल्या. तिथल्या ताईंनी त्याला विचारलं, कुठला खेळ आवडतो तुला? हा मान खाली घालून म्हणाला, मोबाईलवरचं क्रिकेट. त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या चल मग, आमच्याकडे बॉल अडवायला एक माणूस कमीच आहे. झालं, गेला तो. येताना गुडघे मातीने भरलेले, आणि नॉनस्टॉप बडबडत घरी आला. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं.

यांची प्रगती मोजायची पद्धत बघा. मुलांना मनगटावर नाडी शोधायला शिकवतात, पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. आमची सिडकोची बिल्डिंग, चार मजले, लिफ्ट नाही. हा खाली एकदा नाडी बघतो, वर चढून आला की परत बघतो आणि मग दोन मिनिटांनी किती खाली आली ते कार्डावर लिहितो. सुरुवातीला तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहायचा. आता वर पोचून मलाच हाक मारतो, आई चल ना गं, किती वेळ!

5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल असं हलावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे मला इथेच कळलं. ते एका दमात करायचं नसतं हेही इथेच कळलं. म्हणून मैदान नसेल त्या दिवशी कार्डावर दोरीच्या उड्या, जिने, बाजारात चालत जाणं असले चौकोन असतात, केलं की रंगवायचे. रविवारी संध्याकाळी चौकोन रिकामा दिसला की हाच मला उठवतो.

खरी गंमत पालकांची आहे. शुक्रवारी आई-बाबांनी पण खेळायचंच, कट्ट्यावर बसून बघणं चालत नाही. 2025 च्या जानेवारीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप दिल्लीत झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघंही जिंकले आणि दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर. त्यानंतरच्या शुक्रवारी ताईंनी चुन्याने पाटी आखली आणि आम्हा आयांना बसवलं, ड्रेसच्या ओढण्या कमरेला बांधून. मी शाळेनंतर पहिल्यांदा पळाले. पाठीवर थाप पडली, खो ऐकू आलं आणि पाय आपोआप उठले, समोर शेजारच्या काकू जिवाच्या आकांताने पळतायत आणि बाहेरून माझा मुलगा ओरडतोय, आई डावीकडे, डावीकडे! महापेच्या ऑफिसात आठ तास खुर्चीवर बसणारी मी, दुसऱ्या दिवशी पिंडऱ्या धरल्या होत्या पण सोमवारी परत हजर.

आमचे मिस्टर एपीएमसी मार्केटात माथाडी आहेत. ते म्हणाले, मी रात्रभर गोणी वाहतो, मला कसला व्यायाम शिकवताय. संस्थेतल्या दादांनी वाद घातला नाही, कमरेला आणि मांडीला ताण द्यायचे तीन प्रकार दाखवले आणि म्हणाले, काम करून शरीर थकतं, हे त्याला मोकळं करायला आहे. आता कामावरून आले की अंघोळीआधी भिंतीला टेकून करतात. करा म्हणून मी कधीच म्हटलं नाही.

खाण्याचं पण शिकवतात पण क्विनोआ वगैरे भानगड नाही, घरात आहे त्यातलंच. नाचणीचं धिरडं, मोड आलेले मूग, शेंगदाणे-गूळ. एकदा कोल्ड्रिंकची बाटली ठेवली, मुलांना लेबल वाचायला लावलं, 100 मिलीला साधारण 10-11 ग्रॅम साखर. मग 250 मिलीचा हिशोब करून रिकाम्या ग्लासात चमच्याने साखर घालायला लावली. पाच चमचे झाले आणि वर अजून थोडी. ग्लासाचा तळ पांढरा झालेला बघून सगळी पोरं एकदम गप्प. ओरडून जे मला वर्षभरात जमलं नाही ते तिथे पाच मिनिटांत झालं. वाढदिवसाला अजूनही पितो तो, पण फ्रिजमध्ये बाटली मागत नाही.

तक्रारी आहेत, लिहिते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो म्हणून समाजमंदिराच्या हॉलमध्ये घेतात, तिथे जागा इतकी कमी की मुलं आळीपाळीने खेळतात आणि अर्धा वेळ भिंतीला टेकून उभी. सहाची वेळ ट्यूशनला आपटते, सातवीच्या पुढची मुलं त्यामुळे गळतात, रविवारी सकाळी एक बॅच ठेवा ही कळकळीची विनंती. आणि मैदानाजवळ टॉयलेट नाही, मोठ्या मुलींची फार अडचण होते. यात संस्थेचा दोष नाही पण जवळच्या एखाद्या सोसायटीशी बोलून सोय करता येईल, मी स्वतः बरोबर यायला तयार आहे.

महिन्यातून एकदा निसर्ग उद्यानात सगळ्यांना चालायला नेतात, जिथे पूर्वी डम्पिंग ग्राउंड होतं तिथेच. सासूबाई पण येतात त्याला, हळूहळू, नातवाचा हात धरून.

नवीन येणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणा. बूट नसले तरी या, तिथे एक पत्र्याची पेटी आहे, लहान झालेले बूट लोक त्यात टाकतात आणि तळव्यावर खडूने साइज लिहिलेला असतो. आमच्या मुलाचे पहिले बूट त्यातलेच. सध्या 3 आणि 4 नंबर संपलेत, कोणाकडे असतील तर धुऊन, लेस बांधून आणून टाका.