ब्लॉग, मेलिंग लिस्ट की ग्रुप: ग्रंथपालाने कुठे बोलावं?

एक्सेलमधून ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी चढवताना एकदा माझे दाखल क्रमांक, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला नोंदणीच्या वेळी दिलेले क्रमांक, गंडले. ००४५७ चा ४५७ झाला, पुढची शून्यं एक्सेलने गिळली. पुस्तकावरचा बारकोड एक सांगतोय, पडद्यावर दुसरंच, आणि देवघेवीच्या टेबलापुढे सभासद ताटकळलेले. ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: फाइल नुसती उघडू नका, आयात करा आणि तेव्हा तो रकाना ‘टेक्स्ट’ ठरवा. काम झालं.

दोन वर्षांनी दुसऱ्या फाइलवर पुन्हा तेच. आता ते उत्तर काही केल्या मिळेना. मधे फोन बदलला होता. ज्यांचा बदलला नव्हता त्यांना शोधायला सांगितलं, तर ‘एक्सेल’ या शब्दाखाली त्यांना याद्या आणि परिपत्रकंच सापडली. शेवटी एका अनोळखी ग्रंथपालाच्या ब्लॉगवर, सहा वर्षांपूर्वीच्या लेखात, स्क्रीनशॉटसकट सगळं सापडलं. आपण दिवसभर वस्तू पुन्हा सापडावी म्हणून विषयानुसार वर्गांक देतो, तालिका (कॅटलॉग) करतो. आणि स्वतःचं व्यावसायिक ज्ञान मात्र अशा ठिकाणी टाकतो जिथे कपाटंही नाहीत.

तरी ग्रुपला नावं ठेवून चालत नाही. सर्व्हर बंद पडलाय, उद्या तपासणी आहे, अशा वेळी ग्रुपसारखं दुसरं काही नाही. पण तो छोटा हवा, आणि शक्यतो एकच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा. २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १,०२४ जण मावतात, पण मावतात म्हणून भरू नयेत. शंभराच्या पुढे गेलं की अभिनंदनांच्या रांगेत प्रश्न बुडतो आणि विचारणारा दुसऱ्यांदा विचारायला संकोचतो.

मेलिंग लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेला मेल सगळ्या सभासदांना पोचवणारी व्यवस्था, हा तुलनेत जुना आणि आता काहीसा दुर्लक्षित पर्याय. ह्यूस्टन विद्यापीठात चार्ल्स बेली यांनी १९८९ मध्ये पॅक्स-एल ही लिस्ट सुरू केली, तेव्हा वेब जन्मायचं होतं. ग्रंथालयात वाचकांनी स्वतः वापरायच्या संगणक प्रणाली, संगणकीय तालिका धरून, हा तिचा विषय. आजही चांगल्या लिस्टचं बलस्थान तेच: मेलला विषयाची ओळ असते, उत्तरं त्याच धाग्यात येतात आणि मागचं सगळं दप्तर शोधता येतं. सामील होण्याआधी एवढं बघा की ते दप्तर कोणालाही उघडता येतं की फक्त सभासदांना, आणि लिस्ट कोणाच्या सर्व्हरवर आहे. अशा लिस्ट फुकट चालवू देणाऱ्या याहू ग्रुप्स या सेवेवरच्या गटांचा जुना साठा २०१९ च्या शेवटी काढून टाकला गेला आणि १५ डिसेंबर २०२० ला ती सेवाच बंद झाली. ज्यांनी आधी उतरवून ठेवलं त्यांचं राहिलं.

लिस्टचे त्रासही आहेत. ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर हजार जणांना पोचतं. आणि एका मैत्रिणीसाठी लिहिलेलं, एका पुरवठादाराबद्दलचं माझं सडेतोड मत मी एकदा सगळ्या लिस्टला पाठवलं होतं. पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका.

आता ब्लॉग. लायब्रेरियन डॉट नेट आणि एलआयएसन्यूज ही दोन्ही संकेतस्थळं १९९९ ची. पुढच्या दशकात ग्रंथपालांच्या ब्लॉगांचं पेव फुटलं, ‘लायब्ररी २.०’ (वाचकांच्या सहभागाने सतत बदलत जाणारं ग्रंथालय) हा शब्दप्रयोगही मायकेल केसी यांच्या ब्लॉगवरून २००५ मध्ये पसरला. मग चर्चा समाजमाध्यमांकडे सरकली, आणि अनेक ब्लॉगांवरचं नवं लेखन एकाच जागी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाल्यावर अनेकांची रोज ब्लॉग चाळायची सवयच मोडली. आज तुमच्या लेखाखाली दोन प्रतिक्रिया येतील. खरी चर्चा त्याचा दुवा ज्या ग्रुपात पडला तिथे होईल आणि ती तुम्हाला दिसणारही नाही. संवादाच्या आशेने ब्लॉग काढणार असाल तर काढू नका.

पण टिकण्याच्या बाबतीत ब्लॉगपुढे बाकी दोन्ही फिके. शिवाय लेखाला वजन येऊ शकतं. ‘इन द लायब्ररी विथ द लीड पाइप’ २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा तो ब्लॉगच होता, फक्त लेख आधी जाणकारांकडून तपासून घेतले जात. पुढे त्याचं रीतसर नियतकालिक झालं. किंमत मोजावी लागते ती वेळेची. फोनवर दोन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट लिहायला अख्खी संध्याकाळ जाते. ‘यंदा नियमित लिहीन’ या वाक्यावर थांबलेले ब्लॉग मी इतके पाहिलेत की त्यांची वेगळी सूची करता येईल.

स्क्रीनशॉटबद्दल तिन्हीकडे सारखंच सावध राहा. आपण चूक दाखवायला चित्र टाकतो आणि कोपऱ्यात सभासदाचं नाव, त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी तशीच राहते. ब्लॉगवरचं चित्र निदान बदलता येतं (कुठेतरी जुनी प्रत राहू शकते, ते वेगळं). हजार जणांच्या पेटीत पोचलेला मेल परत आणता येत नाही. वाचकाने काय वाचलं हे आपल्याकडून बाहेर जाता कामा नये.

एकट्याने ग्रंथालय सांभाळत असाल तर माझ्या मते आधी लिस्ट धरा. महिनाभर नुसतं वाचा, जुनं दप्तर उपसा, मग विचारा. अडीनडीला छोटा ग्रुप असू दे. ब्लॉगचा विचार तेव्हा करा, जेव्हा एकच उत्तर तुम्ही तिसऱ्यांदा टाइप करत असाल. त्या दिवशी ते तिथे लिहा आणि पुढे दुवा पाठवा.

माझा ब्लॉग आहे, पण शून्यांच्या त्या भानगडीवर मी अजून लिहिलेलं नाही. त्या अनोळखी ग्रंथपालाचं पान अजून उघडतं, म्हणून विचारणाऱ्याला तेच पाठवते. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्याची एक प्रत मात्र जतन करून ठेवली आहे.