कानात बघायचा कॅमेरा: पडदा दिसतो, ऐकू किती येतं ते नाही

मोबाइलला जोडायचा हा पेनाएवढा कॅमेरा आम्ही धाकटीसाठी घेतला. सर्दी झाली की तिचा कान हमखास ठणकतो, आणि ठणक्याला मुहूर्त सापडतो तो मध्यरात्रीचाच. पाचांतले तीन तारे देतेय.

चित्र मात्र खरंच स्वच्छ येतं. निरोगी पडदा करडा, जरासा पारदर्शक दिसतो. त्याच्या खालच्या भागात प्रकाशाचा तिकोनी कवडसा पडतो, उजव्या कानात घड्याळातल्या पाचाच्या जागी, डाव्यात साताच्या. कान दुखत नसताना दोन्हींचे फोटो काढून ठेवा, यंत्राचा खरा उपयोग तोच. पुढे ठणका लागला तेव्हा तोच पडदा लालभडक, बाहेर फुगलेला आणि कवडसा गायब, हे शेजारी शेजारी ठेवून बघता आलं. मुलं रडली किंवा ताप असला तरी पडदा लाल होतो, म्हणून नुसत्या लालीवर जाऊ नका, फुगवटा बघा, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. आणि मळ आडवा आला की पडदाच दिसत नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो.

वायफायवर चालतो, त्यामुळे वापरताना फोनचं इंटरनेट तुटतं. टोक थोडं फिरलं की चित्रही फिरतं आणि डावं-उजवं कळेनासं होतं. सवयीने जमतं.

आता कापलेल्या ताऱ्यांकडे. अ‍ॅपमध्ये फोटोवर हिरवी खूण करून 'कान ठीक' सांगणारी सोय आहे. एक तारा तिच्यासाठीच गेला. धाकटीचा ठणका थांबला, ताप उतरला, लाली गेली आणि अ‍ॅपने खूण दिली. पण पोरगी मागून हाक मारली तर ओ देईना, टीव्हीचा आवाज वाढवत सुटली. डॉक्टरांनी टिंपॅनोमेट्री केली. यात कानात मऊ बूच बसवून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते मोजतात. निरोगी कानाच्या आलेखाला मधे टोक येतं, तिचा आलेख सपाट. पडद्यामागे द्राव साचला होता. मग त्यांनी आमच्याच फोटोत पडद्याचा निस्तेज, पिवळट रंग दाखवला. आम्हाला तो एरवी दिसला नसता.

संसर्ग ओसरला तरी हा द्राव आठवडेच्या आठवडे राहू शकतो आणि दुखत नसल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, त्यामुळे निचरा धड होत नाही. द्रावामुळे पडदा आणि त्यामागची तीन इवलीशी हाडं मोकळी हलत नाहीत, आणि ऐकणं साधारण 25 डेसिबलने मंदावतं. समोर बसून बोललेलं कळतं, कुजबुज आणि लांबून मारलेली हाक बुडते. घरच्यांना वाटतं, पोर ऐकून न ऐकल्यासारखं करतेय! बहुतेकांचा द्राव तीन महिन्यांत आपोआप जातो, म्हणून लगेच ऑपरेशन न सुचवता पुन्हा तपासायला बोलावतात. राहिलाच आणि ऐकण्यावर परिणाम दिसला, तर पडद्यात ग्रोमेटची बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. धाकटीचा द्राव आपोआप गेला. पण तिला किती ऐकू येतंय हे कॅमेऱ्याला कळणं शक्य नव्हतं.

दुसरा तारा डब्यातल्या मळ काढायच्या चमच्यांसाठी कापला. मळ बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर सरकतो. चमच्याने तो आत ढकलला जातो, कानाच्या भोकातली कातडी खरवडते, क्वचित पडदाही फाटतो. आमचे चमचे सरळ कचऱ्यात गेले.

घ्यायचाच असेल तर टोक ठरावीक अंतरापुढे आत जाऊ नये म्हणून कडं असलेला घ्या, आणि मूल मांडीवर, डोकं छातीशी धरून बसलं असेल तेव्हाच आत घाला. कानातून पू येत असेल, पडद्याला भोक असेल किंवा अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर कॅमेरा वापरूच नका, थेट डॉक्टरांकडे जा.