‘असर’चा चाचणी-कागद घरी वापरून पाहिला : दुसरीतल्या मुलीच्या आईचा अभिप्राय

माझी मुलगी अमळनेरच्या एका मराठी शाळेत दुसरीत शिकते. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात तिला मराठी आणि गणित या दोन्ही विषयांत ‘अ-२’ श्रेणी मिळाली, म्हणजे ८१ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान. पालकसभेत मी विचारले, की तिला न शिकवलेला मजकूर तिचा तिला वाचता येतो का? त्यावर “प्रगती समाधानकारक आहे, घरी सराव घ्या,” एवढेच उत्तर मिळाले. सराव नेमका कशाचा घ्यायचा, हे त्या श्रेणीतून कळत नव्हते. ते कळावे म्हणून मी ‘असर’ सर्वेक्षणाचा वाचन आणि गणिताचा चाचणी-कागद घरी वापरला, त्याचा हा अनुभव.

‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासण्याचे ‘असर’ नावाचे जे काम चालवले आहे, त्यात स्वयंसेवक हेच कागद वापरतात. ते संकेतस्थळावर मराठीतही मोफत मिळतात. मी ते झेरॉक्सच्या दुकानात साध्या काळ्या शाईत छापून घेतले. एकाहून अधिक नमुने असल्यामुळे काही दिवसांनी पुन्हा तपासताना मुलाने पाठ केलेलाच मजकूर समोर येत नाही, ही मोठी सोय आहे.

वाचनाच्या कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे चार टप्पे आहेत. सुरुवात मात्र अक्षरांपासून होत नाही, परिच्छेदापासून होते. परिच्छेद वाक्यासारखा सलग वाचला आणि चुका तीनपेक्षा जास्त झाल्या नाहीत, तर मूल गोष्टीकडे जाते; अडले तर शब्दांकडे येते, तेथे पाचपैकी किमान चार शब्द बरोबर यावे लागतात, आणि तेही न जमल्यास अक्षरांकडे. आपण पालक एरवी ‘अ’पासून म्हणायला लावतो आणि मूल कंटाळले, की त्याला येत नाही असे ठरवून मोकळे होतो. या पद्धतीत मूल आज कोठे उभे आहे, हे पाच-सात मिनिटांत दिसते.

माझ्या मुलीने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून परिच्छेद वाचला. ‘काळी’ हा शब्द तिने ‘कायी’ असा वाचला, पुढच्या ओळीतल्या ‘डोळे’चे ‘डोये’ झाले. मी चूक म्हणून दोन रेघा मारल्या आणि लगेच खोडल्या, कारण आमच्या घरात सासूबाई अहिराणीच बोलतात आणि त्यांच्या तोंडी केळीची केयी आणि फळाचे फय असते. “कायी म्हणजे कशी गं?” असे विचारल्यावर मुलीने शेगडीवरच्या तव्याकडे बोट दाखवले. तिने अक्षर ओळखले होते, अर्थही तिला कळला होता. उच्चार तेवढा आजीचा होता. खान्देशातल्या प्रत्येक घराने हा फरक जपून करावा असे मला मनापासून वाटते, कारण घरच्या बोलीला वाचनातली चूक ठरवले, की मूल वाचताना तोंड उघडायलाच घाबरते. तिची खरी अडचण वेगळीच निघाली. जोडाक्षर आले की ती थांबायची, पहिल्या अक्षरावरून अंदाज करायची आणि पुढे सरकायची. ‘अ-२’ने हे मला कधीच सांगितले नसते.

गणिताच्या कागदाची सुरुवात हातच्याच्या दोन अंकी वजाबाकीने होते. दोन्ही उदाहरणे बरोबर आली तरच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण द्यायचे, नाहीतर संख्या ओळखण्याकडे परतायचे. मुलीची दोन्ही उत्तरे चुकली. कशी चुकली हे नीट पाहावे म्हणून मी तिला वहीत ५२ वजा ३७ मांडून दिले. तिने २५ लिहिले. सातातून दोन गेले पाच आणि पाचातून तीन गेले दोन, म्हणजे प्रत्येक घरात तिने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. मग मी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्यापुढे ठेवून दुकानदाराला सदतीस रुपये द्यायला सांगितले. तिने थोडा विचार केला, एक नोट माझ्याकडून सुटी करून घेतली आणि उरलेले पंधरा रुपये मोजून दाखवले. दशक सुटे करणे तिला समजत होते, ते कागदावर मांडायचे कसे हे तिला उमगले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक वजाबाकी आधी नोटांनी आणि मग वहीत करतो.

संख्या ओळखताना तिने ४७ ला चौऱ्याहत्तर म्हटले. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना चार, त्यामुळे हा गोंधळ मराठी मुलांचा नेहमीचाच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली आणि त्यावर बराच वाद झाला. मी तरी घरी दोन्ही म्हणून घेते.

या कागदाला मर्यादाही आहेत. सूचना स्वयंसेवकांसाठी लिहिलेल्या असल्यामुळे पालकाला त्या दोनदा वाचाव्या लागतात. बेरीज, मोजमाप, आकार यांपैकी काहीच त्यात नाही. भागाकार हा तिसरी-चौथीचा भाग आहे. दुसरीतल्या मुलाला तो आला नाही म्हणून काळजी करण्याचे कारण नाही, पण कागदावर तसे लिहिलेले नसल्यामुळे एखादी आई उगाच घाबरेल. इयत्तेनुसार अपेक्षा समजण्यासाठी मी केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाची उद्दिष्टे शेजारी ठेवली. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात, तर तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या, अशी अपेक्षा आहे. मोबाइलच्या घड्याळावर माझी मुलगी ३८ शब्दांवर होती.

तीन आठवडे रोज रात्री जोडाक्षरांचे दहा शब्द आणि नोटांची दोन उदाहरणे एवढेच केले. दुसऱ्या नमुन्यावर ती परिच्छेद ओलांडून गोष्टीपर्यंत पोहोचली, जरी शेवटच्या दोन ओळींत पुन्हा अडखळली. एक वजाबाकी बरोबर आली, एक चुकली. तो कागद घेऊन मी तिच्या बाईंना भेटले आणि जेथे ती अडते त्या जागा दाखवल्या, तेव्हा आमचे बोलणे प्रथमच श्रेणीवर न होता जोडाक्षरांवर आणि दशक सुटे करण्यावर झाले.