मंजूर झालेल्या मदतीसाठी भरलेले ५३,३०० रुपये

मी तासगाव तालुक्यातला. एका पतसंस्थेत कारकून आहे. ठेवी, हप्ते, व्याज यांचा हिशेब करण्यातच आजवरची नोकरी गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये एका माणसाने फोनवर बोलून बोलून माझ्याकडून चार वेळा मिळून ५३,३०० रुपये काढून घेतले. त्यातले १४,३०० माझे होते. उरलेले ३९,००० लोकांनी माझ्या भाचीच्या शस्त्रक्रियेसाठी दिले होते. ते पैसे लोकांचे होते, म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो आहे.

भाची तेव्हा नववीत होती. २०२३ ची दिवाळी, घरात चकल्या तळणं चाललेलं. मागच्या फळीवरचा डबा काढायला ती शेगडीवरून वाकली आणि नायलॉनची ओढणी पेटली. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. हनुवटी, गळा, छातीचा वरचा भाग आणि उजवी काख भाजली. मिरजेत पाच आठवडे काढले. जीव वाचला, जखमा भरल्या. आम्हाला वाटलं संपलं. पण खोल भाजलेली जागा भरताना कातडी आक्रसते आणि पुढे कित्येक महिने आक्रसतच राहते. उन्हाळा येईपर्यंत तिची हनुवटी छातीकडे ओढली गेली. खालचा ओठ उलटा झाला, तोंड पूर्ण मिटेना, जेवताना पाणी ओघळायचं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वर्गात फळा दिसावा म्हणून ती पाठीतून मागे रेलून बसायची.

गावात बऱ्याच जणांनी 'प्लास्टिक सर्जरी' हे शब्द ऐकले आणि त्यांना वाटलं, मुलीच्या रूपासाठी चाललंय. तसं नव्हतं. ओढून धरणारा पट्टा कापून मान मोकळी करायची, तयार झालेल्या जागेवर मांडीची कातडी लावायची, मग काही महिने गळ्याला पट्टा आणि अंगावर घट्ट कापडी कपडा वापरायचा, नाहीतर पुन्हा आक्रसतं. तिला तोंड मिटता यावं, वर बघता यावं, एवढंच हवं होतं.

एका खासगी रुग्णालयाने दोन टप्प्यांचा मिळून ४ लाख ८० हजारांचा अंदाज लिहून दिला. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, "सरकारी योजनेत बसेल का?" त्या म्हणाल्या, "प्लास्टिक सर्जरी योजनेत नसते." आम्ही मान हलवली आणि बाहेर आलो. दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही. आमची सगळ्यात महाग पडलेली चूक ही, फोनवाला तर नंतर आला.

ऑगस्टच्या शेवटी मी स्वतः मोबाइलवर मदतीचं आवाहन तयार केलं. वर भाचीचा फोटो, गळा आणि हनुवटी स्पष्ट दिसेल असा. खाली रुग्णालयाचं अंदाजपत्रक जसंच्या तसं. त्यात तिचं पूर्ण नाव, वय, रुग्ण नोंदणी क्रमांक, डॉक्टरांचं नाव, कुठल्या टप्प्यात काय करणार, सगळं. शेवटी ताईच्या खात्याचा क्यूआर आणि माझा नंबर. जितकं जास्त दाखवू तितका लोकांचा विश्वास बसेल, असं मला वाटलं. आणि बसलाही. तीन आठवड्यांत १ लाख १२ हजार जमले. दाजी ज्यांच्या द्राक्षबागेत कामाला जातात त्यांनी दिले, बेदाण्याच्या दोन व्यापाऱ्यांनी दिले, ताईच्या दहावीच्या बॅचने दिले. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी विसर्जनाच्या वाजंत्रीतले ११ हजार काढून आणून दिले.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. स्वच्छ मराठी, समजुतीचा आवाज. "मुलीचे मामा बोलताय ना?" म्हणाला. तिचं नाव, वय, नोंदणी क्रमांक, डॉक्टरांचं नाव त्याने घडाघडा सांगितलं. काखेचं काम दुसऱ्या टप्प्यात आहे हेही त्याला ठाऊक होतं. मला वाटलं, रुग्णालयातूनच फाइल गेली असणार. माझ्याच आवाहनातला कागद तो मला वाचून दाखवत होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

म्हणाला, एका मोठ्या कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेला पैसा, आमच्या ट्रस्टमार्फत वाटला जातो, तुमच्या मुलीचं प्रकरण मंजूर झालंय, पूर्ण ४ लाख ८० हजार. तासाभरात पत्र आलं. वर सिंहाची मुद्रा, खाली तीन शिक्के, संस्थेच्या आयकर खात्याकडच्या ८०जी आणि १२ए नोंदणीचे क्रमांक. ते क्रमांक पाहून मी निर्धास्त झालो. आज कळतं, ८०जी ही देणगी देणाऱ्याला आयकरात मिळणारी सवलत. घेणाऱ्या रुग्णाशी तिचा काही संबंध नाही, आणि क्रमांक तर कुणीही टंकू शकतो.

आधी फाइल शुल्क २,५००. ते मी खिशातून भरले. मग प्रक्रिया शुल्क १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. त्याची पावतीसुद्धा आली. तेही माझेच. तिसऱ्या दिवशी टीडीएस निघाला, ४ लाख ८० हजारांवर ५ टक्के, २४,०००. माझ्याकडे नव्हते. ताईला म्हटलं, "जमलेल्यातले भरू, दोन दिवसांत पाचपट येतील." ती म्हणाली, "तुला पैशातलं कळतं. तू म्हणशील तसं." ते वाक्य अजून कानात आहे.

२४,००० गेल्यावर एक संदेश आला: रक्कम जमा होत आहे, प्रलंबित. बँकेच्या संदेशासारखाच दिसत होता, फक्त साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचे संदेश असे कुणाच्या मोबाइल नंबरवरून येत नाहीत, हे मी स्वतः सभासदांना सांगत आलोय. मग रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचे म्हणून १५,००० मागितले. या वेळी आवाज थोडा चढला होता. "आज भरले नाहीत तर निधी दुसऱ्या मुलाला जाईल. तो पण भाजलेलाच आहे. मग मला म्हणू नका." मी भरले. त्या न पाहिलेल्या मुलाचं वाईट वाटलं आणि तरी भरले.

पाचव्यांदा त्याने ४८,००० मागितले, 'परत मिळणारी अनामत' म्हणून. मी माझी ठेव मोडायचा अर्ज घेऊन आमच्या व्यवस्थापकांपुढे उभा राहिलो. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आपण कर्ज मंजूर करतो तेव्हा शुल्क कुठून घेतो?"

"कर्जाच्या रकमेतूनच कापून."

"मग हे लोक ४ लाख ८० हजारांतून का कापत नाहीत?"

मला उत्तर देता आलं नाही. टीडीएस या शब्दाचा अर्थच मुळात देणाऱ्याने रक्कम देताना त्यातून कापलेला कर. रोज वापरतो तो शब्द मी. घरात आजारपण असलं आणि कुणी पूर्ण आकडा मंजूर झाल्याचं सांगितलं, की माणूस त्या आकड्याकडे बघतो, शब्दाकडे बघत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला तेव्हा शेवटची रक्कम जाऊन तीन दिवस उलटले होते. तिकडून प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता विचारला. मग पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड लागलं. पैसे पहिल्या खात्यातून तासाभरात पुढे गेलेले, तिथून आणखी पुढे, बरेचसे एटीएममधून काढलेले. पहिलं खातं एका मजुराच्या नावावर होतं, त्याने ते महिन्याच्या भाड्याने दिलेलं. ९,२०० रुपये एका खात्यात गोठवलेले सापडले. त्याच दिवशी फोन केला असता तर जास्त अडकले असते, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. मी ते तीन दिवस लाजेत घालवले होते.

पण याहून वाईट अजून यायचं होतं. ऑक्टोबरमध्ये दाजींच्या ओळखीतल्या एकाचा फोन आला. "मी दोन हजार पाठवले, मिळाले का?" ताईच्या खात्यात काहीच नव्हतं. त्याच्याकडचं आवाहन मागवून घेतलं. फोटो आमचा, मजकूर माझा, क्यूआर दुसराच. पैसे पाठवताना पडद्यावर ताईचं नाव न दिसता एका अनोळखी पुरुषाचं नाव दिसलं होतं. नातेवाईक असेल समजून त्याने पाठवून दिले. पुढच्या आठवड्यात तोच फोटो तिसऱ्याच नावाने फिरू लागला, गाव वेगळं, कारण ॲसिड हल्ल्याचं. तो भाचीने पाहिला, वर्गातल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर. तिच्यावर कुणी ॲसिड टाकलं का, असं मुलं विचारू लागली. आठ दिवस ती शाळेत गेली नाही. ताईला एवढंच म्हणाली, "मामाने माझा फोटो टाकताना मला विचारलं नव्हतं."

खरंच नव्हतं विचारलं. पंधरा वर्षांची मुलगी, तिचा सगळ्यात अवघड दिवसांतला चेहरा, आणि मी तो हजारो लोकांपुढे ठेवला. तिची परवानगी घ्यावी हे मला सुचलंसुद्धा नाही. गेलेल्या पैशांपेक्षा मला याचं जास्त लागतं.

दात्यांना सांगायचं की नाही, यावर घरात दोन रात्री वाद झाला. दाजी म्हणत होते, गप्प भरून टाकू. पण ताईने वहीत प्रत्येकाचं नाव लिहून ठेवलं होतं, अगदी ५१ रुपये देणाऱ्याचंही. मी संस्थेतूनच कर्ज काढून ३९,००० तिच्या खात्यात परत भरले आणि मग एका रविवारी मारुतीच्या देवळापुढे बसून सगळा हिशेब वाचून दाखवला. बहुतेकांनी ऐकून घेतलं. काहींनी अजून बोलणं धरलेलं नाही, त्यांचा मला राग नाही. एका बागायतदारांनी सरळ विचारलं, "आता पुढच्या पोराला कोण देणार रे?" याचं उत्तरही माझ्याकडे नव्हतं.

त्या बैठकीतच शेजारच्या गावच्या आशाताईंनी विचारलं, "आरोग्यमित्राला भेटलात का?" कोण आरोग्यमित्र, आम्हाला माहीत नव्हतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जी रुग्णालयं आहेत, तिथे योजनेचा एक माणूस बसलेला असतो, तो आरोग्यमित्र. ताईचं रेशनकार्ड केशरी. भाजल्यामुळे आक्रसलेल्या कातडीची, हालचाल परत यावी म्हणून करायची शस्त्रक्रिया या योजनेत आहे. खिडकीवरच्या बाईंनी आम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं. जुलै २०२४ पासून तर योजनेची मर्यादा दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांवर गेली होती. म्हणजे आम्ही आवाहन काढलं तेव्हा ही वाट उघडी होती. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचे कागद आणि मंजुरीसाठी काढलेले फोटो, एवढ्यावर काम झालं. कुणी फाइल शुल्क मागितलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये गळ्याची शस्त्रक्रिया झाली, जूनमध्ये काखेची. जमलेले पैसे जाण्यायेण्याला, गळ्याच्या पट्ट्याला, घट्ट कपड्यांना आणि व्यायामाच्या फेऱ्यांना लागले. उरलेल्यांचा हिशेबही वाचून दाखवला.

तुमच्या घरात असा प्रसंग असेल तर आवाहनाआधी १५५३८८ या योजनेच्या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा. खिडकीवरच्या एका 'नाही'वर परत फिरू नका. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय शोधा. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. हे सगळं करूनही पैसे कमी पडले तरच आवाहन. त्यात अंदाजपत्रकाची फक्त रक्कम आणि तारीख दिसू द्या, नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरांचं नाव झाका. ज्याला खात्री करायची आहे तो फोन करून विचारेल. शक्य असेल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नावावर भरायला सांगा. खातेदाराचं नाव मजकुरात मोठ्या अक्षरांत लिहा आणि पैसे पाठवताना हेच नाव दिसलं पाहिजे, असंही लिहा. आणि मुलाचा चेहरा टाकू नका. टाकायचाच तर आधी त्याला विचारा.

मदत मंजूर झाल्याचा फोन आला आणि समोरच्याने पहिल्यांदा एक रुपया जरी मागितला, तरी फोन ठेवा. आधीच भरले असतील तर लाजत बसू नका, त्याच क्षणी १९३० लावा.

भाचीची मान आता सरळ झाली आहे, तोंड मिटतं, हात डोक्यापर्यंत जातो, वेणी स्वतः घालते. पण तो जुना फोटो अजून थांबलेला नाही. मागच्या महिन्यात तो पुन्हा माझ्याकडे आला, या वेळी मुलीचं नाव वेगळं आणि गाव मराठवाड्यातलं. पोपटी ओढणी, मागे निळ्या रंगाची भिंत, हनुवटी छातीला टेकलेली. तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, पुढेही पाठवू नका. ती मुलगी बरी आहे.