कोणाला ठेवावे, कोणाला जाऊ द्यावे : ‘बास्केटबॉल जीएम’चे परीक्षण

‘बास्केटबॉल जीएम’ हा ब्राउझरमध्ये विनामूल्य खेळता येणारा खेळ आहे आणि त्यात चेंडू एकदाही आपल्या हाती येत नाही. आपण असतो संघाचे व्यवस्थापक, म्हणजे जनरल मॅनेजर (जीएम). सामने संगणक आपल्या आकडेमोडीने खेळवतो; ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणाला निवडायचे, कोणाची अदलाबदल करायची, कोणाशी किती वर्षांचा करार करायचा आणि सुविधांवर व प्रशिक्षणावर किती खर्च करायचा, एवढेच आपल्याकडे राहते. पडद्यावर बहुतेक वेळ तक्तेच दिसतात, त्यामुळे नेत्रसुख शोधणाऱ्याने इकडे फिरकू नये. गोव्यातल्या फोंड्यात शाळकरी आणि क्लबच्या मुलांना बास्केटबॉल शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मात्र हा खेळ फार मोलाचा वाटतो, कारण प्रत्येक संघचालकाला छळणारा एक प्रश्न तो दरवर्षी नेमका समोर आणून ठेवतो: पुढची चार-पाच वर्षे संघात कोण हवे?

हा प्रश्न ड्राफ्ट संपल्यावर आणि मुक्त (करार संपलेल्या) खेळाडूंचा बाजार उघडण्यापूर्वी येतो. ज्यांचे करार संपत आले आहेत त्यांची यादी उघडते आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे वय, आजची गुणवत्ता, भविष्यातली संभाव्य गुणवत्ता, त्याची मागणी आणि आपल्या संघाविषयीची त्याची मनःस्थिती दिसते. ही मनःस्थिती केवळ शोभेची नाही. एखाद्या खेळाडूला पैशाची ओढ असते, एखाद्याला विजयाची, कोणाला प्रसिद्धीची, तर कोणी मुळातच निष्ठावान असतो. शिवाय संघाची कामगिरी, त्याचा बोलबाला आणि सुविधांचा दर्जा यांचाही हिशेब त्यात होतो. मन फारच विटलेले असेल तर खेळाडू बोलणीच करायला तयार होत नाही. ज्या संघाने नवोदित म्हणून संधी दिली त्याच्याकडे पहिल्या कराराच्या शेवटी खेळाडूचा थोडा अधिक कल असतो, हा बारकावाही खेळकर्त्याने आठवणीने ठेवला आहे.

खेळाची खरी ताकद कळण्यासाठी या यादीतले दोन खेळाडू शेजारी ठेवून पाहावेत. एक आहे २९ वर्षांचा फॉरवर्ड (पुढच्या फळीतला), गुणवत्ता ६७, संघातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, नुकत्याच संपलेल्या मोसमात ज्याच्या जोरावर संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. दुसरा आहे २२ वर्षांचा गार्ड (मागच्या फळीतला), गुणवत्ता ५२, संभाव्य गुणवत्ता ६६, जो अजून बाकावरूनच मैदानात उतरतो. संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेली वेतनमर्यादा ओलांडूनही स्वतःचे खेळाडू राखण्याची मुभा असते. प्रत्यक्ष एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, अशा सवलतीला लॅरी बर्ड या खेळाडूचे नाव चिकटले आहे. पण एकूण वेतन त्याहून वरच्या कराच्या रेषेपलीकडे गेले की वरच्या प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलर भरावा लागतो, म्हणून दोघांनाही मागतील ते देणे परवडत नाही. आता गंमत मुदतीत आहे. वाढीची आशा असलेल्या तरुणाला छोटा करार हवा असतो, कारण पुढच्या खेपेला तो अधिक मागू शकेल. दीर्घ मुदतीसाठी बांधायचे तर त्याला जास्त रक्कम द्यावी लागते. उत्तम प्रौढ खेळाडू मात्र सहसा लांब मुदत मागतो, आणि त्या मुदतीची शेवटची दोन-तीन वर्षे उतरणीची असतात. त्याला सोडून दिले तरी उरलेला पगार करार संपेपर्यंत संघाच्या खात्यावर चढत राहतो. गेल्या मोसमाची कृतज्ञता आणि पुढच्या चार मोसमांचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हा तक्ता इतके स्पष्ट दाखवतो की चांगल्या व्याख्यानानेही ते साधणार नाही.

संघाची एकूण ताकद हा खेळ कशी मोजतो तेही समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या दहा खेळाडूंची गुणवत्ता उतरत्या वजनाने जोडली जाते: सर्वोत्तम खेळाडूला सर्वाधिक वजन, पुढच्याला थोडे कमी, आणि दहाव्याला पहिल्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे पाच मध्यम खेळाडू भरभक्कम पगारावर दीर्घकाळ सांभाळण्यापेक्षा एक असामान्य खेळाडू राखणे आणि उरलेल्या जागा स्वस्तात भरणे बहुतेक वेळा हिताचे ठरते. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जण मैदानात असतात आणि उत्तम खेळाडू सामन्याचा बराचसा वेळ खेळतो, त्यामुळे ही मांडणी खेळाच्या स्वभावाला धरून आहे. गोव्यात फुटबॉलवर पोसलेल्या आपल्या डोळ्यांना हे चटकन पटत नाही; अकरा जणांच्या खेळातली समतोलाची कल्पना आपण नकळत इथेही लावतो.

संभाव्य गुणवत्तेच्या आकड्याविषयी मात्र सावध राहायला हवे. तो अंदाज आहे, वचन नव्हे. तरुण खेळाडूंच्या, विशेषतः ड्राफ्टमधल्या मुलांच्या दिसणाऱ्या आकड्यांत मुद्दाम थोडी धूसरता मिसळलेली असते; प्रतिभाशोधावर खर्च वाढवला की ती कमी होते, पूर्ण जात नाही. त्यातून दरवर्षीचा बदल बराचसा दैवाधीन असतो. मला ही अनिश्चितता या खेळाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटते.

तिची कसोटी पाहण्यासाठी खऱ्या खेळाडूंची लीग सुरू करता येते, आणि त्यात २०१२ साल निवडावे अशी माझी शिफारस आहे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात २००९ च्या ड्राफ्टमधल्या दोन गार्डांविषयी दोन संघांनी परस्परविरोधी निर्णय घेतले. ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ नुकताच अंतिम फेरीत मायामीकडून हरला होता. संघातल्या वेस्टब्रुक आणि इबाका यांचे करार आधीच झाले होते, मुख्य खेळाडू ड्युरँट होताच, आणि जेम्स हार्डनशी बोलणी जमेनात, तेव्हा त्याला ह्यूस्टनला देऊन टाकण्यात आले. त्याच आठवड्यात गोल्डन स्टेट या संघाने स्टीफन करीशी चार वर्षांचा ४.४ कोटी डॉलरचा करार केला. करीचा घोटा वारंवार दुखावत होता, म्हणून तेव्हा ही रक्कमही जोखमीची वाटत होती. पुढे हार्डन २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. करीने तो मान २०१५ आणि २०१६ अशा लागोपाठ दोन वर्षी मिळवला. २०१६ मध्ये वेतनमर्यादा ७ कोटींवरून सुमारे ९.४ कोटी डॉलरपर्यंत उसळली, त्यात करीचा स्वस्त करार अजून चालू होता, आणि म्हणूनच गोल्डन स्टेटला ड्युरँटलाही आणता आले.

या खेळात थंडरची सूत्रे हाती घेऊन हार्डनला ठेवून पाहिले की लक्षात येते ते असे: लीग सुरू झाल्यानंतरचा विकास पुन्हा नव्याने ठरतो, त्यामुळे एका लीगमध्ये हार्डन दिग्गज होतो, दुसऱ्या लीगमध्ये चांगला सहावा (बाकावरून पहिला येणारा) खेळाडू म्हणूनच राहतो, आणि करीच्या बाबतीतही तेच घडते. निर्णय त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तोलावा, नंतरच्या निकालावर नव्हे, हे वाक्य आम्ही प्रशिक्षक एकमेकांना ऐकवत असतो; इथे ते अनुभवायला मिळते. तरीही माझे मत असे की थंडरने चूक केली. बावीस वर्षांचा असताना अंतिम फेरीत खेळलेला आणि अजून चढणीवर असलेला खेळाडू कराच्या भीतीने सोडू नये. काटकसर करायचीच तर ती खालच्या पाच जागांवर करावी.

खेळातल्या उणिवाही लहान नाहीत. प्रत्यक्ष एनबीएमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, त्यातली शेवटची दोन वर्षे संघाच्या मर्जीवर असतात, आणि त्यानंतरही दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार तितक्याच रकमेला आपलासा करण्याचा हक्क मूळ संघाला मिळू शकतो. इथे यातले काहीच नाही. पहिल्या फेरीतल्या नवोदिताचा करार तीन वर्षांनी संपतो आणि तो मोकळा होतो. मुदतीआधी करार वाढवण्याची सोयही नाही, म्हणजे हार्डनचा पेच खेळात ऑक्टोबरऐवजी पुढच्या उन्हाळ्यात येतो. एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२३ च्या करारात कराच्या रेषेच्या वर असलेली मर्यादा कडक झाली आणि तिच्याही वर दुसरी आली. दुसरी ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत अनेक खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत. आजच्या संघबांधणीचा निम्मा विचार याच बंधनाभोवती फिरतो आणि त्याची झळ इथे लागत नाही. कोणाचे कोणाशी जमते, ड्रेसिंग रूममध्ये तरुणांना कोण सांभाळून घेतो, याची नोंद तर जवळजवळ शून्य आहे. कौशल्यांच्या जुळणीचा थोडा लाभ खेळात धरला जातो, पण तो माणसांच्या जुळणीचा नव्हे.

आमच्याकडे ही उणीव फार जाणवते. इथल्या क्लबांत पगार नसतो, करार नसतो. मुलगा बारावी झाला की पुण्याला किंवा बंगळुरूला शिकायला जातो, कोणी जहाजावर नोकरी धरतो, आणि २०२० च्या अखेरीपर्यंत कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडही गाठत असे. पंधराव्या वर्षीच उठून दिसणाऱ्या मुलाभोवती संघ उभारावा, की उंची कमी पण गावातच राहणाऱ्या आणि धाकट्यांना शिकवणाऱ्या मुलाभोवती, हा आमचा दीर्घ मुदतीचा प्रश्न. हा खेळ त्याचे उत्तर देत नाही, मात्र प्रश्न वयाच्या आणि वर्षांच्या भाषेत मांडायची सवय लावतो, आणि आमच्या निवड समित्यांना त्याच सवयीची गरज आहे. एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगेन: खऱ्या मुलांना असे आकडे कोणी चिकटवू नयेत. चौदा वर्षांच्या मुलाची संभाव्य गुणवत्ता लिहून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही प्रशिक्षकाला नाही.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. खेळात जाहिराती असतात, पैसे भरले तर त्या जातात. फोनवर तो व्यवस्थित चालतो, आणि लीगची सगळी माहिती आपल्याच ब्राउझरमध्ये साठत असल्याने पावसाळ्यात नेटवर्क गेले तरी अडत नाही. त्याच कारणाने लीगची फाइल अधूनमधून उतरवून ठेवावी. भाषा इंग्रजी आहे, पण तक्ते वाचण्यापुरती ती आमच्या आठवी-नववीच्या मुलांना येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी काल्पनिक खेळाडूंची लीग घ्यावी, हवे तर संघाला पणजी किंवा मडगाव असे नाव द्यावे, आणि करीसारख्या ओळखीच्या नावांकडे नंतर वळावे. नाव माहीत नसले की माणूस वय, मुदत आणि रक्कम या तीनच रकाने नीट वाचतो.